नवा ग्राहक टाकण्याआधी

तू नवीन आहेस, म्हणून आधी हेच सांगते: सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये, नवा ग्राहक टाकण्याआधी तो तिथे आधीच आहे का ते शोध. नावाने नको, जीएसटी नंबरने. नावं आणि पत्ते माणसं वाटेल तसे लिहितात. आपल्याकडे एकच रबाळे कुणी 'राबाळे', कुणी 'टीटीसी' (तिथल्या औद्योगिक पट्ट्याचं नाव), तर कुणी नुसतं 'नवी मुंबई' असं टाकलंय. मग भागानुसार यादी काढताना निम्मे ग्राहक गळतात. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. गुजरातच्या शाखेचा नंबर २४ने सुरू होईल, पण मधला पॅन तोच. ती शाखा मूळ कंपनीखालीच जोड.

हे मी अनुभवाने शिकले. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या ग्राहकाची आमच्याकडे दोनदा नोंद होती. एकाच सकाळी माझा आणि एका सहकाऱ्याचा असे दोन फोन त्यांना गेले, आणि दर वेगवेगळे. त्यांचा विश्वास परत मिळवायला वर्ष गेलं.

शेऱ्यात 'फोन केला' एवढंच लिहू नकोस, त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'जुना पंप बदलायचाय, पैसे दिवाळीनंतर, निर्णय परचेस मॅनेजरचा, ८ तारखेला दुपारी फोन' असं लिही. पुढची तारीख टाकल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. भेट झाली की स्टेशनवर लोकल येईपर्यंत मोबाइलवरूनच भरून टाक. घरी पोचेपर्यंत अर्धं विसरायला होतं.

ऑर्डर हातची गेली तर कारणही लिही. लाजू नकोस, मी ती कारणं दर शुक्रवारी वाचते.