बातमीचे टेबल

प्रश्न : मी एकटा राहतो आणि गेली अनेक वर्षे आठवड्यातून तीन-चार वेळा घराजवळच्या एका लहानशा हॉटेलात रात्री जेवतो. तिथली नेहमीची मंडळी हीच माझी सोबत. अलीकडे मालकांनी भिंतीवर टीव्ही लावला असून त्यावर सतत बातम्या चालू असतात. गेल्या महिन्यात अशाच एका बातमीवरून दोन जुन्या गिऱ्हाइकांत इतकी जुंपली की त्यांपैकी एकाने येणेच सोडले, आणि दुसऱ्या दिवशी ‘येथे राजकारणावर बोलू नये’ अशी पाटी लागली. आता शांतता आहे, पण त्या शांततेत घास उतरत नाही. मालकांचे चुकले असे म्हणावे का?

उत्तर : मालकांचा हेतू रास्त आहे, पाटी मात्र त्यांनी माणसांवर लावली, ती टीव्हीवर लावायला हवी होती. भोवतीचा गोंगाट वाढला की बोलणारा नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली मांडले आणि त्या परिणामाला आजही त्याचेच नाव आहे. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. डोक्यावर वृत्तनिवेदक ओरडत असेल तर तेच वाक्य त्याच्याही वर चढवून बोलावे लागते, समोरच्याला ते रागाचे वाटते, तोही आवाज चढवतो, आणि ज्यावर एरवी दोघे हसून दुसऱ्या विषयाकडे वळले असते त्यावरून भांडण पेटते. तेव्हा पाटीबद्दल वाद घालण्यापूर्वी, जेवणाच्या वेळी टीव्हीचा आवाज बंद ठेवता येईल का, एवढेच मालकांना विचारून पाहावे.

अशा बंदीला जुनी परंपरा आहे. इस्तंबूलमध्ये सुलतान चौथा मुराद याने १६३३ साली कॉफीगृहे बंद पाडली, त्यामागे तिथे चालणाऱ्या राज्यकारभाराच्या चर्चेची भीतीही होती. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने २९ डिसेंबर १६७५ रोजी फर्मान काढले की येत्या १० जानेवारीपासून कॉफीगृहे बंद व्हावीत, कारण तिथे निरुद्योगी लोक जमून सरकारविषयी खोट्या आणि बदनामीकारक वार्ता पसरवतात. आज मोबाइलविषयी जी तक्रार ऐकू येते तीच ही तक्रार! ओरड एवढी झाली की ती तारीख उजाडण्यापूर्वीच राजाला फर्मान मागे घ्यावे लागले. (या कॉफीगृहांचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : बायका तिथे मालकीण किंवा वाढपी म्हणून असत, पण गिऱ्हाईक म्हणून त्यांना तिथे जवळपास थारा नव्हता. सर्वांसाठी खुले असलेले टेबल त्या काळीही सर्वांचे नव्हतेच.)

बोलण्यावर सरसकट बंदी आम्हाला पटत नाही, त्याचे कारण वेगळे आहे. घरचे लोक बहुधा आपल्यासारखाच विचार करतात, आणि मोबाइल तर आपल्या आवडीचेच शोधून आणून पुढ्यात ठेवतो. आपण न निवडलेल्या माणसाच्या शेजारी बसून जेवण्याची जागा म्हणजे असे कोपऱ्यावरचे हॉटेल. घर आणि कामाचे ठिकाण यांखेरीजच्या या जागांना रे ओल्डेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ‘तिसरी जागा’ म्हटले. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी तर १९७३ सालीच दाखवून दिले की नवी नोकरी, नवी संधी यांची खबर जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून अधिक येते. जिवलगांना जे माहीत असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते, हे त्यामागचे साधे गमक. ज्या गृहस्थाशी आपले मत जुळत नाही, परंतु ज्याच्या ताटातले मीठ कमी झाले तर आपण आपल्याकडची मिठाची बाटली सरकवतो, त्याच्या तोंडून आलेली विरुद्ध बाजू ऐकायला जड जात नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. सहज चाललेल्या गप्पांत एका वेळी साधारण चारच माणसे टिकतात, पाचवा आला की बोलणे फुटून दोन ठिकाणी सुरू होते, असे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत आढळले. भांडणाच्या दिवशी सगळे हॉटेलच एका वादात ओढले गेले असणार. चौघांच्या टेबलावर माणूस पटवून देण्यासाठी बोलतो. वीस जणांसमोर तो जिंकण्यासाठी बोलू लागतो. ज्यांनी येणे सोडले आहे त्यांच्या घरी आपण स्वतः एकदा जावे आणि बातमीचा विषय न काढता त्यांना जेवायला घेऊन यावे. पाटी काढण्याचा निर्णय मालकांवर सोडावा. ते गृहस्थ परतले की बहुधा त्यांनाच ती खुपू लागेल.

प्रश्न : मी असेच एक छोटे हॉटेल चालवते. टीव्ही काढून वर्तमानपत्रे ठेवली तर कोणी हात तरी लावेल का?

उत्तर : ठेवून पाहावे. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत वर्तमानपत्र लाकडी दांडीत अडकवून गिऱ्हाइकाला देतात आणि ते वाचत तासन्‌तास बसलेल्याला कोणी उठवत नाही. तेथील कॉफीगृह संस्कृतीला २०११ साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. गर्दीच्या वेळी टेबल अडून राहणे आपल्याला परवडणार नाही, हे खरे. दोन भिन्न मतांची वर्तमानपत्रे गल्ल्याजवळ ठेवली तरी पुरे.

प्रश्न : आमच्या टेबलावरचे एक स्नेही मोबाइलवर आलेली प्रत्येक बातमी मोठ्याने वाचून दाखवतात, आणि त्यांतील निम्म्या खोट्या निघतात. ते वयाने वडील आहेत. त्यांना अडवावे कसे?

उत्तर : अडवू नये, विचारावे. ‘हे खोटे आहे’ म्हटले की वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत पडते घ्यावे लागते, आणि तो ते घेत नाही. ‘हे आपल्याला कोणाकडून कळले?’ हा प्रश्न मात्र अपमानाचा नाही. लंडनच्या एडवर्ड लॉइडचे उदाहरण इथे लागू पडते. त्याच्या कॉफीगृहात जहाजांचे कप्तान, व्यापारी आणि विमा उतरवणारे येत. कोणते जहाज बंदरात आले आणि कोणते बुडाले हे तिथे थेट जाणकारांकडून कळे, म्हणून त्या खबरेवर लोक पैसा लावत. १६९६ साली त्याने बातमीपत्र सुरू केले, पण संसदेच्या वरिष्ठ सभागृहाविषयीची एक बातमी चुकीची निघाली आणि पुढच्याच वर्षी ते बंद पडले. जहाजांविषयी तो जाणकारांच्या तोंडून ऐकत होता; सभागृहाच्या बाबतीत त्याच्या हाती ऐकीव माहितीच आली असावी.

आपल्या स्नेह्यांनी आयुष्यभर कोणते काम केले, हे आपल्याला माहीत असेलच. पुढच्या वेळी त्यांनी मोबाइल काढला की त्या कामाशी जवळची असलेली एखादी ताजी बातमी आपणच काढावी आणि त्यांचे मत विचारावे.