शोभेची चिमणी: विटांची की बोर्डाची?

प्रश्न: दिवाणखान्याच्या लांब भिंतीवर, फायरप्लेसच्या चिमणीला असतो तसा पुढे आलेला भाग करायचा आहे. फक्त शोभेसाठी. विटांत बांधू का?

उत्तर: विटा नकोच, जमिनीवर विनाकारण भार येतो. लाकडी किंवा धातूची चौकट भिंतीला पक्की करा, उभे दांडे ४० सेंमी अंतरावर ठेवा आणि वर जिप्सम बोर्ड लावा. टीव्ही टांगणार असाल तर तिथे आतून जाड प्लायवूड हवेच. नुसता बोर्ड वजन पेलत नाही. वायरिंगही बोर्ड बसवण्याआधीच. मला विचाराल तर सगळी शोभा स्कर्टिंगवर, म्हणजे भिंतीच्या तळाशी जमिनीलगत लावतात त्या पट्टीवर आहे: ती पट्टी नव्या कोपऱ्यांवरून सलग वळवून घ्या, नाहीतर खोके चिकटवल्यासारखे दिसेल. आत खरा विस्तव मात्र कधीही पेटवू नका.