टिकली का काढतेस, आई?

प्रिय सई,

मोहनमामाकडे फ्रीमाँटला गेलो होतो तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावरच्या बराकीत तू बराच वेळ भिंतीपाशी उभी होतीस. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली आणि १९१० ते १९४० या काळात जे या बेटावर उतरले, त्यांना आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवलं. गावातल्या घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, असले प्रश्न विचारून उलटतपासणी. लाकडात कोरलेल्या त्यांच्या कविता रंगाच्या थरांखालून अजून दिसतात. परतताना बोटीत तू विचारलंस, "त्यांनी कोंडलेलं असतानाही आपली अक्षरं कोरली. तुला तर कुणी कोंडलेलं नाही. मग ऑफिसला जाताना टिकली का काढतेस?"

मी वाऱ्याचं निमित्त करून गप्प बसले. फार लागलं मला. रोज सकाळी ती गाडीतल्या आरशावर चिकटवते, हे तू पाहतेस हेच मला माहीत नव्हतं.

२००४ साली आम्ही जर्सी सिटीत राहायला आलो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या गुजराती मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, स्टेशनवर जाताना कपाळ मोकळं ठेव. १९८७ मध्ये त्या गावात स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणारं टोळकं होतं. डॉट म्हणजे आपली टिकली. फोनबुकात पटेल आडनाव शोधतो, असं त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं होतं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला पोरांनी मरेस्तोवर मारलं. हे सांगताना मावशींचा हात सारखा कपाळाकडे जात होता. मला स्वतःला आजवर कुणी वावगं बोललेलं नाही. भीती त्यांची होती, सवय मला लागली.

वाईच्या घरी माई मला भुंड्या कपाळाने अंगणातही जाऊ द्यायची नाही. बोटावर मेण घेऊन वाटोळं लावायची, त्यावर पिंजर दाबायची आणि नाकावर सांडलेली फुंकून टाकायची. त्या फुंकरीला लवंगेचा वास असायचा. टिकली म्हटलं की मला ती फुंकर आठवते. शास्त्र वगैरे मला ठाऊक नाही.

पण त्याच घरात कुसुमआत्या होती. सव्विसाव्या वर्षी काका गेले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ ती वाटायची, पन्हं ती करायची आणि बायका आल्या की माजघरात जाऊन बसायची. सात-आठ वर्षांची असताना मी दुपारी झोपलेल्या आत्याला माझी लाल टिकली लावली. माईने पाठीत धपाटा घातला. आत्या उठली, आरशात पाहिलं, काही बोलली नाही. चहाच्या वेळेपर्यंत टिकली तशीच होती. मग तिने ती काढून माझ्या कपाळावर लावली. चिकटेना, म्हणून अंगठ्याने दाबून धरली.

त्यामुळे 'आपली पद्धत आहे' असं तुला ठणकावून सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू लाव, असंही म्हणणार नाही. दिवाळीला लावतेस, तेवढंही मला पुष्कळ वाटतं.

मी सोमवारी न काढता गेले. दिवसभर माझा हात कपाळाकडे जात होता. संध्याकाळी तुला दाखवणार होते, पण तुझी प्रॅक्टिस होती.

गाडीतल्या आरशावर जुन्या टिकल्यांच्या गोंदाचे गोल डाग पडलेत. शनिवारी खरवडायला येशील?

तुझी,
आई