मेव्हण्यांची पॉलिसी आणि गच्चीवरचं सोलर

चाकणजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र. वय 36, हातात पगार 48 हजार, घरकर्ज अजून 24 लाख बाकी, पदरात दोन मुलं. दर गुरुवारी शटडाउन, शिवाय पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पत्नी घरून ऑनलाइन शिकवण्या घेतात, त्या बुडतात. म्हणून 3 किलोवॅटचं सोलर बसवायचंय. कोटेशन 1 लाख 90 हजार, सबसिडी 78 हजार. ‘पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी एक लाख कर्ज मिळतंय, घेऊ का?’

नका घेऊ.

तुम्हाला कोटेशन दिलंय ते ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनच्या विजेला जोडलेल्या, सोलरचं. लाइनची वीज गेली की ते काही सेकंदांत आपोआप बंद पडतं, भर दुपारी बारालासुद्धा. तुमच्या गच्चीवरची वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून ती सोयच आहे. ‘लाइट गेली तरी घर चालू’ असं सांगणाऱ्याला ते कागदावर लिहून मागा, देणार नाही. बॅटरीवालं हायब्रिड सोलर असतं, पण त्याची किंमत वेगळी. बिल कमी होईल म्हणाल, तर तुमचं बिलच 900 रुपये, युनिट 110. स्थिर आकार सुटत नाही, म्हणजे वर्षाला वाचले तर नऊ हजार. सबसिडी वजा जाता 1 लाख 12 हजार फिटायला बारा वर्षं, व्याज सोडून. आणि 110 युनिटना 1 किलोवॅट पुरतं, तीन कशाला?

साधा इन्व्हर्टर आणि 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी घ्या, 25 हजारांच्या आत बसेल. दोन पंखे, चार एलईडी, राउटर, लॅपटॉप मिळून अडीचशे वॅट. साडेचार-पाच तास निघतात. फ्रिज आणि मिक्सर त्यावर टाकू नका. डिस्टिल्ड वॉटर वेळच्या वेळी घाला, चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल हे धरून चाला.

आता त्या पॉलिसीकडे येऊ. तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत केलाय, मी मात्र तिथेच अडलो. वर्षाला 60 हजार हप्ता, 20 वर्षं, विमा 12 लाख, चार हप्ते भरून झाले. मेव्हणे म्हणतात, शेवटी 20 लाख मिळतील. बारा लाखांचे वीस ऐकायला छान वाटतं, पण हा परतावा पावणेपाच टक्क्यांच्याही आत आहे. तिथे स्वतःचेच पैसे ठेवून त्यावर साडेनऊ टक्के व्याज भरायला तुम्ही निघालात! करसवलतीसाठी घेतली असेल, तर नव्या करप्रणालीत तीही नाही. आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर ते 12 लाख घरकर्जाच्या निम्म्यालाच पुरतील. मग घरच्यांनी काय खायचं?

आधी एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. तब्येत ठीक असेल आणि तंबाखू-सिगारेट नसेल, तर वर्षाला 15 हजारांच्या आसपास पडेल. आजार लपवू नका. टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचा पुढचा हप्ता थांबवा, आधी नाही. मग शाखेतून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. सरेंडरला भरलेल्या 2 लाख 40 हजारांपैकी निम्मेच हातात येण्याची शक्यता आहे. पेड-अपमध्ये विमा घटून 2 लाख 40 हजारांवर येईल, जाहीर झालेला बोनस त्यावर राहील, पण सोळा वर्षं थांबावं लागेल. माझा कल पेड-अपकडे आहे. कागद आल्यावर आकडे मला पाठवा.

थांबवलेल्या हप्त्याच्या 60 हजारांतून टर्मचे 15 आणि इन्व्हर्टरचे 25 गेले तरी 20 हजार उरतात. ते वेगळे ठेवा, कारण अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेचा तुमच्या पत्रात पत्ताच नाही.

मेव्हणे रुसतील. दिवाळीला फराळाचा डबा जरा मोठा पाठवा.