बाळाच्या संसर्गावरील संशोधनासाठी रुग्णालय संमती मागत आहे. सही करावी का?

आपण लिहिले आहे की आपले अपुऱ्या दिवसांचे बाळ मुंबईतील एका रुग्णालयात एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पेटीत आहे, त्याच्या रक्तात बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा क्लेब्सिएला सापडला आहे, आणि तो जंतू व बाळाच्या उपचारांची माहिती एका अभ्यासासाठी वापरू देण्याबद्दल डॉक्टरांनी संमतिपत्र पुढे केले आहे. घरचे म्हणतात, "सही करू नका, बाळावर प्रयोग करतील." माझे उत्तर असे आहे की सही करावी. मी मुंबईतील एका महापालिका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तंत्रज्ञ म्हणून निवृत्तीपर्यंत काम केले, आणि नेमका हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरात उभा राहिला होता. त्यामुळे मी तटस्थपणे लिहीत आहे असा दावा करणार नाही.

प्रथम त्या रक्ताचे प्रयोगशाळेत काय होते ते सांगते, कारण "प्रयोग" हा शब्द ऐकून नातेवाईक जे डोळ्यांसमोर आणतात त्याचा याच्याशी काही संबंध नसतो. नवजात बाळाचे जेमतेम एक मिलिलिटर रक्त कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवण्याच्या, बाटलीत येते. बाटली यंत्रात ठेवली जाते आणि जंतू वाढू लागले की यंत्र इशारा देते. मग काचपट्टीवर जंतू रंगवून (ग्रॅम स्टेन करून) पाहिले जाते; क्लेब्सिएला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी, आखूड दांड्या दिसतात आणि तंत्रज्ञ लगेच वॉर्डला फोन करतो. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवण्याच्या मॅकॉन्की माध्यमाच्या प्लेटवर जंतूंच्या मोठ्या, ओलसर, चिकट वसाहती आलेल्या असतात. त्यातून पुन्हा एक प्लेट लावून तिच्यावर औषधांच्या डिस्क ठेवतात. औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती स्वच्छ गोल झोन दिसतो. मेरोपेनेम या राखून ठेवलेल्या जोरदार प्रतिजैविकाच्या डिस्कच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेला पाहिला की आमच्या विभागात बोलणे थांबत असे, कारण ती प्लेट कोणत्या वॉर्डची आहे हे सर्वांना ठाऊक असे. रिपोर्ट गेल्यानंतर ती प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेच्या यंत्रात) जाते आणि जंतू नष्ट होतो. अभ्यासासाठी तो ठेवायचा असेल तर ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे पुढे त्याची जनुके वाचता येतात, प्रतिकार कशामुळे आला हे शोधता येते आणि तोच जंतू पेटीतून पेटीत पसरत आहे का हे कळते. आपल्याकडे जी संमती मागितली आहे ती बहुधा एवढ्याचसाठी आहे.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाचे बाळ असेच वेळेआधी जन्मले. उपनगरातील एका खासगी रुग्णालयात ते होते. सुरुवातीची प्रतिजैविके चालू असतानाच बाळ मलूल झाले, दूध पचेना, मधूनमधून श्वास थांबू लागला. कल्चरमध्ये क्लेब्सिएला आला आणि रिपोर्टवर एकामागून एक "रेझिस्टंट" असे लिहिलेले होते. शेवटी कोलिस्टिन हे जुने प्रतिजैविक द्यायचे ठरले. हे औषध १९५० च्या दशकात वापरात आले आणि मूत्रपिंडांना इजा होते म्हणून १९७० च्या सुमारास बाजूला ठेवले गेले. नवी औषधे निरुपयोगी ठरू लागली तेव्हा नाइलाजाने ते परत आणावे लागले. नवजात बाळांना ते किती द्यावे याची माहिती कित्येक वर्षे फार थोडी होती आणि मोठ्यांच्या मात्रेवरून अंदाज बांधावा लागे. तेथील बालरोगतज्ज्ञ आमच्यासमोर टेबलाशी बसून दोन-तीन छापील कागद पडताळत मात्रा काढत होत्या. वजनाचा आकडा त्यांनी परिचारिकेला पुन्हा विचारून घेतला. त्या कागदांवरचा प्रत्येक आकडा कोणत्या तरी बाळाच्या केसपेपरातून आलेला होता, हे त्या खोलीत बहुधा त्यांना आणि मलाच ठाऊक होते.

त्याच संध्याकाळी त्या रुग्णालयाने आपल्यासारखेच संमतिपत्र पुढे केले. पुतण्या सही करायला तयार होता. भाऊजींनी कागद त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "आमचं बाळ म्हणजे काही प्रयोगशाळेतला उंदीर नाही." मी त्यांना समजावले की जास्तीचे रक्त काढायचे नाही, औषध बदलायचे नाही, नाव बाहेर जाणार नाही. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आयुष्यभर त्यांच्यातच काढलंत, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार." सून शस्त्रक्रियेनंतर वरच्या मजल्यावर झोपून होती, तिला कोणी विचारलेसुद्धा नाही. कागद कोराच परत गेला. बाळ सुदैवाने बरे झाले आणि आता शाळेत जाते. तेव्हापासून गणपतीत सगळे जमले की भाऊजी हमखास विचारतात, "सही केली नाही, काय बिघडलं?" पंगत बसलेली असते, त्यामुळे मी गप्प राहते. येथे मात्र ते उत्तर पूर्ण लिहिते.

आमच्या घरच्या बाळाचे काहीच बिघडले नाही, हे खरे आहे. पण भाऊजी ज्याला उपचार म्हणतात तो दुसऱ्या आईबापांनी दिलेल्या संमतीतून तयार झालेला आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजात बाळांची नोंद ठेवून अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त आढळलेला ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू दहापैकी आठ वेळा अनेक औषधांना दाद देत नव्हता आणि जंतुदोषाच्या जवळजवळ दोन तृतीयांश घटना जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत घडल्या होत्या. असे हट्टी जंतू बाळ दीर्घकाळ नळ्या लावून पडून राहिल्यावरच येतात, ही जुनी समजूत त्यामुळे कोसळली आणि बाळंतपणाच्या खोलीतील स्वच्छतेकडे बोट गेले. केवळ पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके वाचून हे कधीही कळले नसते, कारण तेथे नवजात बाळांना आजारी पाडणारे जंतू बरेच वेगळे आहेत.

त्यानंतर २०१८ ते २०२० मध्ये भारतासह ११ देशांतील १९ रुग्णालयांत ३,२०४ आजारी बाळांचा अभ्यास झाला. जगातील डॉक्टर या बाळांना प्रतिजैविकांच्या २०० हून अधिक वेगवेगळ्या जोड्या देत असल्याचे त्यात दिसले. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पहिली जोडी कित्येक ठिकाणी पुरी पडत नव्हती. दोनशे जोड्या वापरल्या जातात याचा सरळ अर्थ असा की कोणती जोडी उत्तम हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. त्या अभ्यासाच्या आधाराने आता फॉस्फोमायसिन, फ्लोमॉक्सेफ आणि अ‍ॅमिकासिन यांच्या जोड्या तपासणारी चाचणी आफ्रिकेत सुरू झाली आहे.

हे फक्त पेटीतल्या बाळांपुरते नाही. साध्या न्यूमोनियात लहान मुलांना अ‍ॅमॉक्सिसिलिन तीन दिवस दिले तरी पाच दिवसांइतकाच गुण येतो, हे भारतातील २,१८८ मुलांच्या अभ्यासाने २००४ मध्येच दाखवले. भाऊजींचे मेडिकलचे दुकान आहे आणि तेथून प्रतिजैविकांची सिरप किती सहज जात असत हे मी पाहिलेले आहे. २०१४ पासून अनेक प्रतिजैविके औषधविक्रीच्या नियमांतील 'शेड्यूल एच-१' या यादीत आली, चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. त्या नोंदवहीबद्दलही त्यांची तक्रारच असते. ज्या माणसाला औषध विकताना नोंद नको आणि नातवासाठी औषध निष्प्रभ ठरल्यावर त्याचीही नोंद नको, त्याच्या "काय बिघडलं" या प्रश्नाला मी महत्त्व देत नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली आणि त्यांपैकी साधारण दर पाचांतील एक जण पाच वर्षांखालचे मूल होते. हे ज्याला ठाऊक आहे त्याने तो प्रश्न पंगतीत विचारू नये.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. या अभ्यासाचा आपल्या बाळाला थेट फायदा होईल असे कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. फायदा झाला तर तो पुढच्या बाळांना होईल. सही न केल्यास उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये आणि सही केल्यानंतरही आपण केव्हाही माघार घेऊ शकता. संस्थेच्या नैतिकता समितीने अभ्यासाला मंजुरी दिली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

एक मोठा फरक मात्र लक्षात घ्यावा. वर जे लिहिले ते जंतू आणि नोंदी वापरण्याच्या अभ्यासाबद्दल आहे. नवीन औषध किंवा नवी मात्रा देऊन पाहण्याची चाचणी असेल तर ती सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. ती 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' येथे नोंदलेली आहे का ते पाहावे, इजा झाल्यास खर्च कोण करणार ते विचारावे आणि घाईने सही करू नये. जास्तीचे रक्त काढणार असतील तर किती ते स्पष्ट विचारावे, कारण दीड किलोच्या बाळाच्या सबंध शरीरात सव्वाशे मिलिलिटरच्या आसपासच रक्त असते. भाऊजींच्या रागातली एक गोष्ट मला मान्य आहे: बाळ अत्यवस्थ असताना, रात्री, कॉरिडॉरमध्ये उभे करून सही मागणे योग्य नाही. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे आणि बाळाच्या आईने स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये, मग ती कितीही थकलेली असो.

दरम्यान, बाळाजवळ जाण्यापूर्वी प्रत्येकाने कोपरापर्यंत हात धुवावेत आणि शक्य तेवढे आईचेच दूध पोहोचवावे. सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, त्यामागे अशाच बाळांची काळजी होती. आपले दूध कमी येत असेल तर आपल्या रुग्णालयात किंवा जवळपास अशी पेढी आहे का, हे आजच परिचारिकेला विचारा.

घरातील वडीलधारे अडून बसले असतील तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यादेखत विचारा की आत्ता सलाइनमधून जे औषध जात आहे त्याची मात्रा कशावरून ठरवली. आमच्या वेळी डॉक्टर राउंडवर निघून गेल्या होत्या, त्यामुळे तो प्रश्न भाऊजींसमोर विचारता आला नाही.