जर्मनीत किरायानं राहा, पण वावर विकून जाऊ नको

तू विचारलं की मार्चमध्ये जर्मनीला निघतो आहे, नोकरी पक्की झाली, आणि घरचे म्हणतात किरायाच्या घरात किती दिवस पैसे घालवशील, दिग्रसजवळचं तीन एकर वावर विक आणि एकतर आताच नागपूरला फ्लॅट घे नाहीतर तिकडं गेल्यागेल्या घर घे. मी पण तिकडचाच, दारव्ह्याकडचा, सात वर्षं झाली डॉर्टमुंडमध्ये राहतो, वयानं मोठा आहे म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

पहिले वावराचं बोलतो कारण तिथंच तुमची घाई चालली आहे. तू नोकरीसाठी बाहेर गेला की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या हिशोबानं एनआरआय होतो. एनआरआयला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊस पण नाही. आधीपासून तुझ्या नावावर आहे ती किंवा पुढं वारसानं येईल ती ठेवता येते, त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे फ्लॅट तू पाच वर्षांनी जर्मनीत बसून पण घेऊ शकतो, पण विकलेल्या वावराच्या बदल्यात दुसरं वावर घ्यायला गेला तर कायदाच आडवा येतो. मग जे परत मिळणार नाही ते विकून जे कधीही मिळतं ते आज कशाला घ्यायचं? ठोक्यानं दे एखाद्या भरवशाच्या माणसाला, वर्षावर्षाचं लेखी कर, आणि निघायच्या आधी सातबारा काढून बघ, फेरफार राहिला असेल तर तलाठ्याकडं बसून करून घे, तिकडून हे काम फोनवर होत नाही.

आता फ्लॅटचं. मी निघायच्या आधी नागपूरच्या बाहेर एक बुक केला होता, लोन काढून. आई म्हणे, "पोरगं परदेशी चाललं तं नावावर एक घर पाहिजे बाप्पा, नाहीतर सोयरीक कशी जुळीन." बिल्डरनं दोन वर्षांत देतो म्हटलं आणि साडेचार वर्षं लावली, तोवर नागपूरचा हप्ता आणि जर्मनीतला किराया दोन्ही चालू. ताबा मिळाला तर राहायला कोणी नाही, आई गाव सोडून येत नाही, तिची ओसरी, तिच्या शेजारणी, ती तिथंच सुखी आहे. मागच्या दिवाळीत मी कुलूप उघडलं तर बाथरूमच्या भिंतीला हिरवी ओल चढलेली, बाल्कनीत कबुतरानं अंडी घातलेली आणि दाराखालून सरकवलेली मेंटेनन्सची बिलं. आणि ज्या घरात आई खरंच राहते त्याचे कवेलू बदलायचे पैसे मी दोन पावसाळे पुढं ढकलले होते, हप्त्यामुळं. बादल्या ठेवून झोपायची ती. याचं मला अजून वाईट वाटतं. विकतो म्हटलं तर विकणारा एनआरआय असला की घेणाऱ्याला टीडीएस, म्हणजे किमतीतून आधीच कापून भरायचा कर, कितीतरी जास्त कापावा लागतो, ते ऐकून दोन गिऱ्हाईक मागं सरकले.

जर्मनीत किरायानं राहणं ही कमीपणाची गोष्ट नाही, हे घरच्यांना नीट सांग. तिथं अर्ध्याच्या वर लोक किरायानंच राहतात, डॉक्टर पण, मास्तर पण. आपल्यासारखं अकरा महिन्यांनी सामान उचला असं नसतं, करार बहुतेक बेमुदत असतो, मालकाला सबळ कारणाशिवाय काढता येत नाही (स्वतःला राहायला पाहिजे हे कारण मात्र चालतं), चालू किराया तीन वर्षांत 20 टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, काही शहरांत तर 15. तुला सोडायचं असलं तर तीन महिन्यांची नोटीस. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेएवढं, काल्टमिटे म्हणजे हीटिंग-पाणी सोडून नुसता किराया, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. खोली न बघता कोणी डिपॉझिट मागितलं तर देऊ नको, सरळ फसवणूक समज.

त्रास नाहीच असं नाही. माझ्या पहिल्या घरात किचनच नव्हतं, भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या, छताला वायर लोंबकळत होती, ओटा नाही सिंक नाही, दीड महिना मी भांडी बाथटबमध्ये घासली. तिथं बऱ्याच घरांत असंच असतं, म्हणून जाहिरातीत किचन आहे का ते पहिले बघ. आणि मालकाकडून राहत असल्याचा कागद घे, तो दाखवून दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवावा लागतो.

तिकडं लगेच घर घ्यायचं म्हणशील तर डॉर्टमुंड ज्या राज्यात येतं तिथलाच हिशोब सांगतो. 3 लाख युरोचं घर, त्यावर खरेदी कर 6.5 टक्के म्हणजे 19,500, नोटरी आणि नोंदणीचे साधारण 6,000, दलाल असला तर 10,000 च्या वर. हे 35,000 च्या वर युरो घराच्या किमतीत धरत नाहीत, ते गेले, आणि बँक बहुतेक हे तुझ्या खिशातूनच काढायला लावते. नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात लोनचं नावच काढू नको. मधेच नोकरी बदलली, शहर बदललं, घर विकून लोन लवकर फेडलं तर व्याज ठरलेल्या मुदतीच्या आधी फेडलं म्हणून बँक भरपाई घेते. ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणारा राहायचा-कामाचा परवाना, असेल तर जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास केल्यावर 21 महिन्यांत पर्मनंट रेसिडेन्सी मिळू शकते, तोवर तरी थांब, कळू दे की तिथला हिवाळा सहन होतो का, बायकोला करमतं का. माझं तर सात वर्षांनी आता कुठं घर बघणं चालू झालं, कारण पोरगी शाळेत रमली.

नोकरी कोणत्या शहरात आहे ते तेवढं सांग. डॉर्टमुंडपासून तासाभरात असेल तर खोली मी स्वतः जाऊन बघून येतो, नळाला पाणी येतं का ते पण बघतो, तू निघायच्या आधी.