आभारी, कृतज्ञ की ऋणी? मुलाखतीला निघालेल्या उमेदवारासाठी

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींची बेळगावच्या एका पतसंस्थेत लिपिकपदासाठी मराठीतून मुलाखत आहे. निरोप घेताना 'संधी दिल्याबद्दल मी आपल्याला कृतज्ञ आहे' असे म्हणावे की 'मी आपला आभारी आहे' असे म्हणावे, आणि 'माझा अ‍ॅटिट्यूड पॉझिटिव्ह आहे' हे अर्जात मराठीत कसे लिहावे, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही वाक्यांत थोडी दुरुस्ती हवी. कन्नडमध्ये 'नानु निमगे आभारियागिद्देने' असे म्हणतात आणि त्यातील 'निमगे' म्हणजे 'तुम्हाला'. आपल्या सीमाभागात दोन्ही भाषा घरादारात नांदत असल्यामुळे ही चतुर्थी मराठी वाक्यातही नकळत येऊन बसते. मराठीत मात्र येथे षष्ठी लागते, आणि ती बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. म्हणून पुरुषाने 'मी आपला आभारी आहे' आणि स्त्रीने 'मी आपली आभारी आहे' असे म्हणावे. 'आभारी' हा शब्द स्वतः बदलत नसल्यामुळे अनेक स्त्रिया 'आपला' हेही तसेच ठेवतात, ते बरोबर नाही. 'कृतज्ञ' वापरायचाच असेल, तर 'मी आपल्याविषयी कृतज्ञ आहे' अशी रचना होते. 'आभार' हे नाम नेहमी अनेकवचनी असते, म्हणून 'आपले आभार मानते' असे म्हणावे. आभार मानायचे असतात आणि धन्यवाद द्यायचे असतात; 'धन्यवाद सांगते' हे पुन्हा कन्नडमधील 'धन्यवाद हेळुत्तेने'चे मराठी रूप झाले. घरी ते कोणाला खटकणार नाही, मुलाखतीत मात्र टाळलेले बरे.

आता निवडीविषयी. माझ्या मते मुलाखतीत 'आभारी' हाच शब्द योग्य आहे. 'ऋणी' म्हटले की फेडीचा प्रश्न येतो, आणि कर्जवाटप करणाऱ्या पतसंस्थेत तर तो शब्द जरा जपूनच उच्चारावा! 'कृतज्ञ' हा शब्द दीर्घकाळ मनात राहणाऱ्या भावनेचा आहे: 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. शिकवलेल्या गुरुजींविषयी, फी भरणाऱ्या मामांविषयी माणूस कृतज्ञ असतो. अर्ध्या तासाच्या भेटीवर हा शब्द खर्च केला, तर तो पाठ करून आणल्यासारखा वाटतो.

आपल्या खेड्यापाड्यांत हा शब्द बोलण्यात क्वचितच येत असला, तरी त्याचा अर्थ मात्र रोजच्या वापरात आहे. 'केल्याची जाण ठेव' असे आजी नातवाला सांगते तेव्हा ती 'कृतज्ञ' या शब्दाची फोडच करत असते, कारण 'जाणणे' आणि 'ज्ञ' यांचे मूळ एकच आहे. 'उतराई होणे' आणि 'पांग फेडणे' हे त्यापुढचे प्रयोग. संतांच्या उपकारांविषयी बोलताना तुकाराम 'काय द्यावे त्यांसी व्हावे उतराई' असे विचारतात, तेव्हा उपकार फिटण्यापलीकडचे आहेत हेच त्यांना सांगायचे असते. मुलाखतीतही ही 'जाण' उपयोगी पडते. नुसते 'धन्यवाद' म्हणण्यापेक्षा 'वसुलीच्या कामाची माहिती आपण सविस्तर दिलीत, त्याबद्दल मी आपली आभारी आहे' असे म्हटले, तर समोरच्याने नेमके काय केले हे आपल्या ध्यानात राहिल्याचे त्याला कळते. मागील नोकरीविषयी विचारले, तरी तिथल्या तक्रारींऐवजी तिथे काय शिकायला मिळाले ते सांगावे.

राहिला 'पॉझिटिव्ह'. २०२० नंतर हा शब्द ऐकताच काही दिवस लोक दोन पावले मागे सरत, ते सोडून देऊ. 'सकारात्मक दृष्टिकोन' हा रूढ प्रतिशब्द चुकीचा नाही. मात्र तो सगळ्याच अर्जांत असल्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. त्यापेक्षा 'उमेद' हा शब्द मला जवळचा वाटतो. कन्नड जाहिरातीत नोकरी मागणाऱ्याला 'अभ्यर्थि' म्हणतात, म्हणजे विनंती करणारा. मराठीत त्याला 'उमेदवार' म्हणतात; फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ उमेद बाळगणारा असा आहे. पूर्वी पगाराविना किंवा अल्प पगारावर काम शिकण्याला 'उमेदवारी करणे' म्हणत, त्यातही पुढे काही होईल ही आशाच होती. म्हणून अर्जात 'नवीन काम शिकण्याची मला उमेद आहे' असे लिहावे आणि त्याला जोडून एखादे शिकलेले काम सांगावे, मग ते संगणकावरील हिशेबाचे असो की कन्नडमधून पत्रव्यवहार करण्याचे.

आणि 'सकारात्मक दृष्टिकोन'च लिहायचा झाला, तर 'दृष्टि' ऱ्हस्व ठेवावी. 'दृष्टी' हा सुटा शब्द दीर्घ लिहितात. समासात तत्सम पूर्वपद मूळ संस्कृतात ऱ्हस्व असेल, तर ते ऱ्हस्वच राहते.